सलोमीआत्याची काचेची होडी

आयुष्यात एकदा मी पाण्यावर चालायची होडी कोरड्या जमिनीवर जाळली. भरदुपारी, पूर्ण शुद्धीत आणि वर मनात परोपकाराची भावना बाळगून. हसा, खुशाल हसा. दोन वेण्यांची, मॅट्रिकच्या गणितात गटांगळी खाल्लेली आणि तरीही स्वतःला समस्त यंत्रविद्येची वारसदार समजणारी ती मुलगी आज माझ्यासमोर आली, तर मीही हसत हसतच तिचा कान पिरगाळीन. पण त्या होडीचा धूर मात्र हसण्यासारखा नव्हता. काळा, चिकट, गोडसर उग्र वासाचा तो धूर मार्गशीर्षातल्या निर्मळ उन्हात दुखावलेल्या जनावरासारखा जमिनीलगत सरपटत गेला, आणि त्याच्या पलीकडे मला दिसली सलोमीआत्या: खांद्याला पिशवी, करकचून मिटलेले ओठ आणि कपाळाच्या मधोमध तटतटून उभी राहिलेली निळसर शीर. आजही कुठे कचऱ्यात प्लास्टिक जळू लागलं की धूर दिसायच्या आधी मला ती शीर दिसते.

सलोमीआत्या रागीट होती असं म्हणणं म्हणजे वैशाख जरासा उबदार असतो असं म्हणण्यासारखं आहे. इतरांना राग येतो आणि जातो. वावटळ उठावी, चार पाचोळे गरगरावेत आणि पुन्हा सगळं निपचित व्हावं, तसा. आत्याला राग येत नसे, तो तिच्यात नांदत असे. दौंडच्या लोको शेडमध्ये इंजिनाची भट्टी रात्री विझवत नाहीत, नुसती राखेखाली निजवतात. पहाटे खोरं लागलं की लाल डोळा उघडतो. आत्याचं तसंच होतं. तिच्या खळ घातलेल्या पांढऱ्या लुगड्याची कडक सळसळ, नर्सच्या पेटीची खटकन उघडणारी कडी, पायऱ्यांवर तडतडत उतरणाऱ्या तिच्या चपला, या साऱ्या आवाजांत एक धग असे. केडगावला, मिशनच्या आवारात लहानाची मोठी झालेली ही बाई, पण पहाटेची तिची प्रार्थनासुद्धा अर्ध्यावर तक्रारअर्जाचं रूप घेई. आरंभ ‘हे दयाळू पित्या’ असा, आणि दुसऱ्याच वाक्यात त्या दयाळू पित्याला जाब विचारलेला.

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी तिचा एका खोलीचा दवाखाना होता. साठीचं दशक सरत आलं होतं. नदीवर धरण झालं होतं, आणि जिथं माणसं पूर्वी गुडघाभर पाण्यातून धोतर सावरत पलीकडे जात, तिथं आता आभाळाएवढं पाणी निवांत पसरलेलं असे. सकाळी त्यावर धुक्याची दुलई, दुपारी चांदीचा पत्रा, संध्याकाळी शेंदूर. कुणी परगावचा माणूस ते पाहून हरखून गेला असता. पण त्या सौंदर्यानं पलीकडची वस्ती तोडली होती. जी वस्ती एका हाकेवर होती, तिथं बैलगाडीनं वळसा घालून जायचं तर दिवस बुडे. लोकांची ने-आण करायला लाँच देऊ, असा शब्द पाणी अडवताना साहेबलोकांनी दिला होता. शब्द दरवर्षी दिला जाई. दरवर्षी तोच, ताजा, हार घातलेला: पुढच्या वर्षी.

पलीकडच्या वस्तीवर ठकू होती. माझ्याहून चार-दोन वर्षांनीच मोठी, कपाळावर गोंदण असलेली, हसली की तोंडावर पदर धरणारी. तिच्या पहिल्या बाळंतपणाला वस्तीच्या कडुनिंबावर लाल लुगडं बांधलं होतं. वेणा सुरू झाल्याची ती ठरलेली खूण. आत्यानं अलीकडच्या काठावरून ते लुगडं पाहिलं, गाडी जुंपून वळसा घातला, आणि ती पोचली तेव्हा मूल कापडात गुंडाळून ठेवलं होतं. ऊब द्यायला नव्हे, पुरायला. आत्या या गोष्टीबद्दल कधी बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या रागाला पत्ता मिळाला. ती थेट एका साहेबाच्या बंगल्यावर गेली आणि व्हरांड्यात उभी राहून इतकं बोलली, इतकं बोलली, की बदली होऊन निघालेल्या त्या बिचाऱ्यानं आपली हौसेची छोटी शिडाची होडीच तिला देऊन टाकली. लाँचच्या बदल्यात खेळणं! वर त्यानं होडीला हार घालून फोटोही काढवला. त्या फोटोत सगळे हसताहेत. आत्या फोटोग्राफरकडे, तो जणू गुन्ह्याचा साक्षीदार असावा, तशी पाहते आहे.

होडी फायबरग्लासची होती. काचेचे धागे रसायनात भिजवून, वाळवून केलेली. अंड्याच्या टरफलासारखी पांढरी, पातळ, हलकी. तसलं काही पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं. काठावरच्या वडाखाली बसून जगाला सल्ले देणारे शिवराम आबा पहिल्या दिवशी तिच्याभोवती फिरले, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, “नर्सबाई, काचंची हाय म्हंत्यात, मग आरपार कसं दिसंना? म्या म्हनलं, मासं बघत बघत जाता येईल.”

“आबा, मासं बघायला न्हाई, बाळंतपनाला जायचंय,” आत्या म्हणाली.

“फुटली मंजी?”

“फुटली तर तुमाला बोलवीन. तुमी बसल्या जागी पोहाल.”

शीड उभारायला तिला कुणी शिकवलं नाही. एका पावसाळ्यानंतर, वाऱ्याला शिव्या देत देत, ती आपली आपण शिकली. दुरून ते शीड दिसे तेव्हा पाण्यावर कुणीतरी पांढरं पान उलटतं आहे असं वाटे. जवळ आलं की पानावरचा मजकूर ऐकू येई, आणि तो सभ्य नसे. असं म्हणतात की वारासुद्धा तिला थोडा वचकून वाहत असे. पण पाण्याखाली बुडालेल्या बाभळींना तिचा वचक नव्हता. कार्तिकात एका बुडीत खोडावर होडीची मधली फळी आपटली. शिडाच्या होडीला कलंडू न देणारी ही फळी तळातून खाली पाण्यात उतरते, आणि ती ज्या उभ्या पेटीत बसते ती पेटीच सांध्यात तडकली. पाणी आत येऊ लागलं. होडी बैलांनी ओढून काठावर घेतली. पेटीपर्यंत पोचायचं तर वरचं बाक काढायला हवं, आणि बाक नि पेटी धरून ठेवणारे बोल्ट गंजून दगड झालेले. पूर्वी कधीतरी कुणा शहाण्यानं पितळेच्या जागी लोखंडी बोल्ट ठोकले होते. लोखंड पाणी पिऊन फुगलं आणि होडीच्या अंगात काट्यासारखं रुतून बसलं.

आणि ठकूला पुन्हा दिवस गेले होते. सातवा सरला होता. “या खेपेला मी असेन,” एवढंच आत्या तिला म्हणाली होती.

दौंडहून माझी रवानगी झाली ती या बोल्टांसाठी. माझे वडील, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, लोको शेडमध्ये फिटर. त्यांना रजा मिळेना. त्यांनी हत्यारांची पिशवी पाठवली आणि पिशवी उचलायला मला. मी मात्र अशा थाटात एसटीतून उतरले, जणू रेल्वे बोर्डानं खास तज्ज्ञ धाडला आहे. काजळीच्या पावसात वाढलेल्या आम्हा कॉलनीतल्या पोरांना वाटे की जगात जे जे घट्ट बसलेलं आहे ते आपल्याच बापांनी सैल केलेलं आहे. वडिलांचं एक ठरलेलं वाक्य होतं: लोखंडाला ऊब दिली की ते ऐकतं. हे वाक्य मी प्रवासभर मनात घोळवत आले होते.

पहिले काही दिवस मात्र मी नुसती पाहत बसले, कारण पाहण्यासारखं होतं ते. संध्याकाळी आत्या प्रत्येक बोल्टच्या मुळाशी रॉकेल सोडी, जणू तापकऱ्याच्या ओठांवर चमच्यानं पाणी घालावं. सकाळी हातोडीनं डोक्यावर हलके हलके ठोके. मग पाना लावून आधी बोल्ट केसभर आणखी आवळायचा, गाफील करायचा, आणि मग एकदम उलट पीळ. पाना सटके, तिच्या बोटांची सालं निघत, रक्त आणि गंज एकाच रंगाचे होऊन तिच्या मनगटावरून ओघळत. आणि ती बोलत असे. माझ्याशी नव्हे, बोल्टशी. प्रत्येक बोल्टला तिनं एकेका माणसाचा हुद्दा बहाल केला होता, ज्यानं ज्यानं लाँचच्या कामी तिला दारातून परत पाठवलं होतं त्याचा. “हल, ओव्हरसियर, हल! फाईल वर गेलीय म्हनतोस व्हय? तुलाच वर काढते!” किंवा, “सरपंच, किती दिवस बसशील रे खुर्चीला चिकटून?” मग आतून आधी एक जाड कुरकूर उमटे, पाठोपाठ बारीक, लांबट किंकाळी, आणि कित्येक पावसाळ्यांचा हट्ट सोडून ओव्हरसियर तिच्या तळहातावर येई. तो ती इनॅमलच्या ट्रेमध्ये टाकी, शस्त्रक्रियेत काढलेला खडा टाकावा तसा. टण्ण. त्या एका आवाजात तिचा चेहरा क्षणभर उजळे. पावसाळी आभाळात कुणी खिडकी उघडून लगेच लावावी, तेवढाच.

सगळे अधिकारी निघाले, एक राहिला. पेटीच्या तळाशी, जिथं हात जेमतेम पोचे तिथं, डोक्याच्या कडा झिजून गोल झालेला, पाना धरू न देणारा. त्याला तिनं माणसाचा हुद्दा दिला नव्हता. त्याचं नाव होतं ‘पुढच्या वर्षी’.

त्या दुपारी आत्या करवतीची पाती आणायला शिरूरच्या बाजारात गेली. “हात लावू नको कशाला,” असं बजावून गेली. आता, एखाद्या तज्ज्ञाला असं कुणी बोलतं का? मला अपमान वाटला. मी पिशवीतून वडिलांची पितळी ब्लोलँप काढली, रॉकेल भरलं, पंप मारला, आणि निळी, भुरभुरणारी, सुईसारखी ज्योत ‘पुढच्या वर्षी’च्या मस्तकावर धरली. लोखंडाला ऊब दिली की ते ऐकतं! ऐकलंच असतं त्यानं. पण लोको शेडमधल्या लोखंडाभोवती लोखंडच असतं. इथं भोवती राळेत भिजलेली काच होती, आणि त्या काचेच्या प्रत्येक खाचेत आम्हीच रोज संध्याकाळी माया करून ओतलेलं रॉकेल. पांढऱ्या पृष्ठभागावर आधी एक बुडबुडा आला, मग तपकिरी कडा, आणि मग एक ‘फुस्स’ असा आवाज, जणू कुणी इतका वेळ दाबून धरलेलं हसू सोडलं.

आत्या आली ती धूर पाहून धावतच. तिनं ओलं पोतं झोडलं, चिखल फेकला, लुगड्याचा ओचा पेटता पेटता वाचवला. जाळ विझला. होडीच्या तळाला परातीएवढं भोक पडलं होतं, आणि त्याच्या कडा दुधावरच्या करपलेल्या सायीसारख्या लोंबत होत्या. मी डोळे मिटून वाट पाहिली. काही ऐकू येईना म्हणून उघडले. आत्याचं तोंड उघडं होतं, पण नजर माझ्या डोक्यावरून पार पाण्यापलीकडे गेली होती.

कडुनिंबावर लाल लुगडं फडफडत होतं.

माझ्या त्या वेळच्या शहाणपणावर मी आजवर पुष्कळ विनोद केले आहेत, पण या क्षणावर करता येत नाही. त्या दुपारी वारा चांगला होता. ज्या होडीला करवतीचं एक पातं आणि उरलेला दिवस पुरला असता, ती माझ्या पायाशी धुमसत होती. मला माझा राग आला, तो अजून गेलेला नाही. त्या साहेबाचा, त्या लोखंडी बोल्ट ठोकणाऱ्याचा, हारांचा, फोटोचा, सगळ्यांचा आला, तोही गेलेला नाही.

आत्यानं आपली नर्सची पेटी उचलली आणि ती चालू लागली. काठाकडे नव्हे, उलट दिशेला, सरपंचांच्या गुऱ्हाळाकडे. ऊस गाळणं चालू होतं. चुलाणावर काहील रटरटत होती, उकळत्या रसाचा वास शेतभर पसरला होता, आणि सरपंच खाटेवर बसून रस पीत होते.

“काहील पाहिजे,” आत्या म्हणाली.

“बाई, रस चढवलाय. पाक यायला आलाय. जरा थांबा की.”

“तुमच्या सुनंच्या पोराचं डोकं अडकलं तवा मी जरा थांबले होते व्हय, सरपंच?”

गुऱ्हाळातली माणसं खाली बघू लागली. सरपंचांनी रसाचा पेला ठेवला, घसा खाकरला आणि भिंतीला उभी केलेली जुनी काहील गड्यांना उचलायला सांगितली. गूळ आटवायची ती लोखंडी कढई, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी. पूर्वी पूर आला की तिकडे लोक तीतूनच नदी पार करीत; धरणाच्या एवढ्या पाण्यात मात्र ती कुणी घातली नव्हती. गड्यांनी ती पाण्यात सोडली. एका बाजूला होडीचं वल्हं घेऊन आत्या, दुसऱ्या बाजूला मी, माझ्या हाती गूळ ढवळायचं लांब दांड्याचं फावडं.

काहील गोल असते. तिला नाक नसतं, शेपूट नसते, आणि जायचं कुठं याबद्दल तिचं स्वतःचं काही मत नसतं. एकीकडे वल्हं पडलं की ती भोवऱ्यासारखी फिरते. आणि काठ सुटताक्षणी आत्याला वाचा फुटली. “दौंडात लोखंड आन् काच यातला फरक शिकवीत न्हाईत का गं?” हे वाक्य पूर्वेला तोंड करून सुरू झालं आणि उत्तरेला संपलं. “रॉकेल वतल्या जागी जाळ धरतात?” पश्चिमेला. “थांब, तुझ्या बापाला पत्र टाकते!” हे पुन्हा पूर्वेला, बहुधा दौंडच्याच रोखानं. त्या संध्याकाळी चारी दिशांना, बुडीत बाभळींना, पाणकोंबड्यांना आणि साऱ्या तालुक्याला माझ्या अकलेची वार्ता पोचली. पण तिच्या प्रत्येक शिवीला एक वल्हं पडत होतं, आणि तिच्या तालावर माझंही फावडं. तळाला चिकटलेला जुना गूळ पायांना लागत होता, पाण्याचं तांबूस ऊन डोळ्यांत खुपत होतं, आणि मला भीती वाटायला उसंतच मिळाली नाही. पोहता येत नसलेली मी त्या अथांग पाण्यावरून गेले ती लोखंडाच्या नव्हे, आत्याच्या रागाच्या बुडावर बसून.

आम्ही पोचलो तेव्हा मूल नुकतंच बाहेर आलं होतं. निळं, गप्प, ओल्या कापसासारखं निर्जीव. ठकूच्या सासूनं कापड हातात घेतलंच होतं. पहिल्या खेपेचं कापडही असंच असावं असं मला वाटलं. आत्यानं ते हिसकावून फेकलं. पोरीला पायांना धरून उलटं केलं, तोंडातला चिकटा बोटानं काढला, तळपायांवर चापट मारली. काही नाही. पुन्हा मारली. कपाळावरची शीर उभी राहिली, आणि त्या कोंदट खोलीत, जिथं बायका कुजबुजतसुद्धा नव्हत्या, तिथं ती त्या मुठीएवढ्या जिवावर ओरडली, “रड, मेले! रड! गप राहशील तर कोन इचारनार न्हाई तुला! रड!”

आणि पोर रडली. काय ते रडणं! आधी गंजलेली कुरकूर, मग बारीक किंकाळी, मग साऱ्या वस्तीला जाब विचारणारा अखंड, लालबुंद आक्रोश. ठकू हसत होती आणि तिचा पदर तोंडावर न्यायचा राहून गेला होता.

अंगणात हात धुताना आत्या म्हणाली, “आता त्या होडीचं सांग. बोल्ट तरी निघाला का?”

“निघाला, आत्या,” मी म्हणाले. “भोवतीची होडी राहिली नाही, एवढंच.”

ती हसली. आयुष्यात मी तिला इतकं मोकळं हसताना पुन्हा पाहिलं नाही. ते हसू कोरडं, घोगरं, कित्येक वर्षं न वापरलेलं होतं. ऐकताना वाटलं, हिच्या आतही काहीतरी घट्ट रुतून बसलं होतं ते केसभर हललं.

ती होडी पुन्हा तरंगली नाही. पुढं कित्येक वर्षं आत्या गूळ लागलेल्या काहिलीतून ये-जा करीत राहिली, गोल गोल फिरत, बोलत. मग एका शिशिरात ताप आला आणि गेली. प्रार्थनेच्या दिवशी बोलणाऱ्यांनी तिला शांतीची मूर्ती म्हटलं, सोशीक म्हटलं, कुणाला उणा शब्द न बोलणारी म्हटलं. मी पुढच्या बाकावर बसले होते. हाताशी पाना असता तर मी तो नेम धरून फेकला असता. माणूस गेलं की लोक त्याच्या कडा घासून गोल करतात, म्हणजे स्मरणाला कुठं धरायला जागाच उरत नाही. काळाला जे जमत नाही ते चार गोड भाषणं करून दाखवतात.

पण शिकवण अशी चिकट असते की मीही तेच केलं. वळसा घालून ठकूला सांगायला गेले. पाणी समोर तसंच पसरलं होतं, सुंदर आणि निर्लज्ज. ठकू पेंढी सोडत उभी होती, शेजारी तिची पोर, कपाळाला आठी घालून माझ्याकडं रोखून पाहणारी. मी डोळे पुसले आणि सभेत बोलल्यासारखी म्हणाले, “जाऊ दे ठकू, आता तरी तिचा राग शांत झाला असेल.” ठकूनं पेंढी खाली टाकली, आणि तोंडावर पदर न घेता थेट माझ्याकडं पाहिलं.

“बाई गेल्या, ताई, पर त्यांचा राग आमी हितंच ठिवून घेतलाय. लाँच आजून आल्याली न्हाई. ती येईस्तवर त्यो कुनी शांत करायचा न्हाई. तुमीबी न्हाई.”